सालाझारचं परिपत्रक १४ आणि ते न पाळणारा कॉन्सुल

मांडवीकाठ

मंडळी नमस्कार. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. गोव्यात वाढलेल्या माणसाला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हे नाव इतिहासाच्या पुस्तकाआधी घरातच कळतं, पण त्याच सालाझारच्या नोकरीत असताना त्याचाच लेखी हुकूम मोडून हजारो लोकांना युरोपातून बाहेर काढणारा एक पोर्तुगीज अधिकारी होता हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. आरिस्टिडीस दि सोझा मेंडिस. जन्म १८८५, मध्य पोर्तुगालमधलं काबानास दे विरियातो हे गाव, खानदानी कॅथलिक घर, कोईंब्राला कायदा शिकलेला, १४ मुलांचा बाप, आणि १९४० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पोर्तुगालचा कॉन्सुल.

आधी परिपत्रकाबद्दल लिहितो कारण सगळं तिथून सुरू होतं. ११ नोव्हेंबर १९३९ ला लिस्बनहून जगभरच्या पोर्तुगीज कॉन्सुलना परिपत्रक क्रमांक १४ गेलं. काही प्रकारच्या लोकांना मंत्रालयाला विचारल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही. कोण हे लोक? ज्यांचं नागरिकत्व वादात आहे ते, ज्यांना कुठलाच देश राहिला नाही ते, नान्सेन पासपोर्टवाले (देश नसलेल्या निर्वासितांना मिळणारा खास पासपोर्ट), रशियन, आणि आपल्या देशातून हाकलले गेलेले ज्यू. ज्यू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. आता सांगा, त्या वर्षी युरोपात जिवाच्या आकांताने व्हिसा कोण शोधत होतं? नेमके हेच लोक. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात आधी दार बंद. आणि परराष्ट्रमंत्री कोण होता तर खुद्द सालाझार, पंतप्रधानपदाबरोबर ते खातंही त्याने १९३६ पासून स्वतःकडेच ठेवलेलं.

मे १९४० ला जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि फ्रान्समध्ये घुसल्या, १४ जूनला पॅरिस पडलं, आणि लाखो माणसं गाड्यांनी, सायकलींनी, चालत दक्षिणेकडे निघाली. फ्रेंच सरकार सुद्धा पळून बोर्दोलाच आलं. तिथून पुढे रस्ता एकच, स्पेनमधून पोर्तुगाल आणि लिस्बनहून बोट. पण स्पेन आपल्या हद्दीतून जाऊ कधी देणार, तर पासपोर्टवर आधीच पोर्तुगालचा व्हिसा असेल तर. त्यामुळे के लुई देझ्वीत या नदीकाठच्या रस्त्यावर १४ नंबरच्या इमारतीत असलेल्या एका साध्या कॉन्सुलेटमधल्या शिक्क्यावर माणसं जगणार की नाही हे ठरायला लागलं. जिन्यावर, फुटपाथवर लोक झोपायचे, जागा गेली तर नंबर जाईल म्हणून पाणी प्यायला सुद्धा उठायचे नाहीत.

या गर्दीत मेंडिसची गाठ पडली हाइम क्रूगर या रब्बींशी. मूळचे पोलंडचे, बेल्जियममधून पळून आलेले, बरोबर बायको आणि पाच मुलं. मेंडिसने त्यांना घरी नेलं, ठेवून घेतलं, लिस्बनला तार करून परवानगी मागितली, नकार आला. मग तो म्हणाला तुम्हाला मी माझ्या जबाबदारीवर व्हिसा देतो. आणि क्रूगरनी तो घेतला नाही! बाहेर माझ्यासारखे इतके जण बसलेत, सगळ्यांना देणार असाल तर द्या, एकट्याला नको. पाच लेकरांचा बाप, मागे जर्मन सैन्य, आणि हातात आलेला व्हिसा नको म्हणतो. मला या सगळ्या हकिकतीत मेंडिसइतकाच हा माणूस मोठा वाटतो.

यानंतर मेंडिस अंथरुणाला खिळला. दोन-तीन दिवस खोलीबाहेर आला नाही, घरचे सांगतात की नुसता कण्हत होता, तळमळत होता. १७ जूनला उठला, दाढी केली, कपडे केले आणि जाहीर केलं की आजपासून सगळ्यांना व्हिसा, देश बघायचा नाही, वंश बघायचा नाही, धर्म बघायचा नाही. मग काय, क्रूगर डोक्यावर टोपी नाही अंगात कोट नाही अशा अवस्थेत (सनातनी रब्बीने उघड्या डोक्याने रस्त्यावर यायचं म्हणजे काय ते समजून घ्या) बाहेरून पासपोर्टांचे गठ्ठे गोळा करून आणतायत, मेंडिसचे मुलगे आणि कॉन्सुलेटचा सेक्रेटरी शिक्के मारतायत, आणि हा सह्या करतोय. पूर्ण नाव लिहायला वेळ लागतो म्हणून नुसतं 'मेंडिस' एवढीच सही.

२० जूनच्या सुमारास तो बायोनला गेला. तिथला कॉन्सुल नियमावर बोट ठेवून बसला होता, मेंडिसने ते ऑफिसही हातात घेतलं आणि तिथेही तेच सुरू केलं, मग थेट सरहद्दीवर अंदाईला. लिस्बनला खबर गेलीच होती. माद्रिदचा पोर्तुगीज राजदूत स्वतः सरहद्दीवर आला, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याने कळवलं, त्याचे अधिकार काढले आणि स्पेनला सांगितलं की याचे व्हिसा धरू नका.

पुढे त्याचं काय झालं ते खाली लिहितो, पोस्ट फार लांबली.

---

चौकस_पुणेकर

लेख आवडला. पण आकड्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत? सगळीकडे ३०,००० व्हिसा आणि त्यात १०,००० ज्यू असं फिरतं. याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेच्याच एका इतिहासकाराने, अव्राहम मिल्ग्राम यांनी, हा आकडा फुगवलेला आहे असं दाखवलंय. बोर्दोच्या कॉन्सुलेटचं रजिस्टर उपलब्ध आहे आणि त्यात १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात २,८६२ व्हिसांची नोंद आहे, त्यातले १,५७५ हे ११ ते २२ जूनचे. माणूस मोठाच आहे, वाद नाही, पण मोठ्या माणसाबद्दल लिहिताना आकडा पारखून घ्यावा असं माझं मत.

---

मांडवीकाठ

चौकस, म्हणूनच मी मुद्दाम 'हजारो' लिहिलं. तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. फक्त दोन गोष्टी त्यांच्याबरोबर ठेवाव्या लागतात. एक म्हणजे त्या काळी नवरा-बायको-मुलं एकाच पासपोर्टवर असायची, म्हणजे एक नोंद म्हणजे एक माणूस असं नाही. दुसरं, हे रजिस्टर बोर्दोचं आहे, बायोन आणि अंदाईचं काम त्यात येत नाही, आणि शेवटच्या दिवसांत मारलेला प्रत्येक शिक्का वहीत चढला असेल असं मला तरी वाटत नाही. उलट बाजूने हेही खरं की व्हिसा मिळालेला प्रत्येकजण ज्यू नव्हता. ऑस्ट्रियाचे ओटो फॉन हाब्सबुर्ग आणि त्यांचं घराणं होतं, लक्झेंबर्गची ग्रँड डचेस शार्लोट होती, बेल्जियन सरकारमधली माणसं होती. पण माझं म्हणणं एवढंच की आकडा ३,००० निघो नाहीतर ३०,०००, त्या १७ तारखेला तो उठला तेव्हा त्याच्यासमोर आकडा नव्हताच.

---

अश्दोदची_लेक

इथे लिहायला नेहमी संकोच वाटतो कारण आमचं मराठी आता थोडं मोडकं झालंय, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे, आई-वडील साठच्या दशकात इकडे इस्रायलला आले. आमच्या लोकांना कोकणात पिढ्यानपिढ्या कुणी ज्यू म्हणून त्रास दिला नाही, शनवार पाळणारे तेली म्हणून गावात मानाने राहिलो. त्यामुळे इथे शाळेत युरोपच्या गोष्टी ऐकायला लागले तेव्हा मला खरंच कळायचं नाही की माणसं असं का वागली. याद वाशेमला शाळेची सहल जायची. ज्यूंना वाचवणाऱ्या इतर धर्मांच्या माणसांच्या आठवणीसाठी तिथे झाडं लावलीत, पुढे नावाची पाटी, देश. यात सोझा मेंडिस यांना मान मिळाला १९६६ ला, त्यांच्या पश्चात. त्यांच्या मुलांनी किती पत्रं लिहिली असतील तेव्हा कुठे हे झालं.

माझ्या इथे कामावर एक बाई होत्या, त्यांचे वडील लहानपणी लिस्बनमार्गे अमेरिकेला गेलेले. कुणाच्या सहीने ते त्यांना माहीत नव्हतं. अशी कितीतरी घरं असतील ज्यांना आपण कुणाचे ऋणी आहोत हेच कळलं नाही.

---

निवृत्त_हेडक्लार्क

मी राज्य सरकारच्या नोकरीत आयुष्य काढलं आहे, परिपत्रकं काढलीही आणि पाळलीही, म्हणून जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. वरून आलेला हुकूम प्रत्येक अधिकारी आपल्या मनाला विचारून पाळायला लागला तर राज्य चालणार कसं? आज एकाने चांगल्यासाठी मोडला, उद्या दुसरा वाईटासाठी मोडेल आणि तोही म्हणेल माझ्या मनाने कौल दिला. मेंडिस यांच्याबद्दल आदर आहेच. पण त्यांच्यावर खातेनिहाय चौकशी झाली यात मला अन्याय दिसत नाही. चौकशीत काय झालं ते कुणी नीट सांगेल का?

---

मांडवीकाठ

हेडक्लार्ककाका, राग कसला, तुमच्यासारख्याने विचारलं म्हणूनच नीट लिहितो.

८ जुलै १९४० ला ते पोर्तुगालला परतले. चौकशी बसली. परवानगीशिवाय दिलेले व्हिसा, बायोनला केलेला हस्तक्षेप असे आरोप. यात जूनच्याही आधीची प्रकरणं होती, नोव्हेंबर ३९ मध्ये आर्नोल्ड विझ्निट्झर या ऑस्ट्रियन ज्यू प्राध्यापकाला आणि मार्च ४० मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरला दिलेले व्हिसा, ज्याबद्दल त्यांना आधीच समज मिळाली होती. म्हणजे जूनमध्ये त्यांनी जे केलं ते परिणाम माहीत असून केलं. ऑगस्टमध्ये लेखी बचाव दिला. त्यात मी नाही केलं, माझ्याकडून चुकून झालं असं एका शब्दाने म्हणलेलं नाही, माझा हेतू माणुसकीचा होता हेच सांगितलंय.

आता खरा मुद्दा. चौकशी मंडळाने शिफारस काय केली, तर एक पायरी खाली आणा. पदावनती. तुमच्या भाषेत सांगायचं तर नियमाने जी शिक्षा बसत होती ती ही. सालाझारने ती बाजूला ठेवली आणि ३० ऑक्टोबरला स्वतःचा निर्णय दिला, एक वर्ष काम नाही, पगार अर्धा, आणि त्यानंतर सक्तीची निवृत्ती. म्हणजे शिस्तीच्या नावाने शिक्षा करणाऱ्यानेच स्वतःच्या चौकशी मंडळाचं ऐकलं नाही.

आणि अजून एक. मेंडिस कायद्याचे पदवीधर. युद्ध संपल्यावर त्यांनी पोर्तुगालच्या संसदेकडे अर्ज केला की आपल्या राज्यघटनेत धर्मावरून भेदभाव करता येत नाही असं लिहिलंय, मग ज्यूंना वेगळं काढणारं परिपत्रक १४ हेच घटनाबाह्य होतं. उपयोग झाला नाही, पण मुद्दा बघा. नियम कुणी मोडला हा प्रश्न त्यांनी उलटा फिरवला. तुम्ही म्हणता तशी भीती मलाही वाटते की प्रत्येकजण मनाला येईल तसं करेल, पण इथे परिपत्रकाच्या वर घटना होती आणि हा माणूस घटनेच्या बाजूने उभा होता.

---

निवृत्त_हेडक्लार्क

घटनेचा मुद्दा माहीत नव्हता. यावर विचार करावा लागेल. तरी त्यांनी तेव्हाच, जूनमध्येच, लेखी हरकत घ्यायला हवी होती असं वाटतं.

---

सह्याद्रीची_पोर

काका, घेतली असती हरकत, आणि उत्तर यायच्या आत जर्मन बोर्दोत! २२ जूनला तर फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली. मोजून पाचसहा दिवस होते हो त्यांच्याकडे.

---

तेजो_काठचा_मराठी

मी लिस्बनमध्ये असतो, आयटीत. गेल्या वर्षी मुद्दाम काबानास दे विरियातोला जाऊन आलो. त्यांचं घर, कासा दो पासाल म्हणतात, तीन मजली मोठा वाडा आहे, दारासमोर ख्रिस्ताचा पुतळा. १९४० च्या त्या उन्हाळ्यात कित्येक निर्वासित कुटुंबं याच घरात राहून पुढे गेली. नंतर कर्जात ते घर गेलं, छप्पर कोसळलं, आत झाडं उगवली होती इतकी वाईट अवस्था झालेली. दुरुस्त करून १९ जुलै २०२४ ला, त्यांच्या जन्मतारखेला, तिथे म्युझियम उघडलं. आत सगळ्यात जास्त वेळ मी पासपोर्ट आणि व्हिसांच्या प्रतींपुढे उभा होतो. सही अक्षरशः घाईची आहे. आपल्याकडे आपण शेंगेन व्हिसासाठी फाईली घेऊन रांगेत उभे राहतो आणि एक कागद कमी पडला की पोटात गोळा येतो, त्या सहीपुढे मला तेच आठवत होतं आणि त्यांच्या मागे तर सैन्य होतं.

लिस्बनमधले त्यांचे शेवटचे दिवस फार हलाखीचे. ज्यू समाजाने निर्वासितांसाठी चालवलेलं अन्नछत्र होतं, 'कोझिन्या इकोनोमिका', तिथे हे कुटुंब जेवायला जायचं. मुलं एकेक करून देश सोडून गेली, दोन मुलगे अमेरिकन सैन्यात भरती होऊन लढले. बायको अँजेलिना १९४८ ला वारली. ते स्वतः ३ एप्रिल १९५४ ला फ्रान्सिस्कनांच्या दवाखान्यात गेले आणि पुरताना अंगावर धड कपडा नव्हता म्हणून त्या साधूंचाच झगा घातला.

---

चौकस_पुणेकर

परत मीच. दोन गोष्टी नोंदवतो कारण त्या लपवून ठेवल्या तर कुणीतरी येऊन 'बघा, सांगितलं नाही' म्हणणार.

लिस्बनमधल्या ब्रिटिश वकिलातीने २० जून १९४० ला तक्रार केली होती की बोर्दोचा कॉन्सुल ऑफिसची वेळ संपेपर्यंत व्हिसा लांबवतो आणि मग जादा फी लावतो, एकाला तर धर्मादाय निधीत पैसे टाकायला सांगितले. हे कागद आहेत. शिवाय त्यांचं खासगी आयुष्य. आंद्रे सिबियाल नावाच्या फ्रेंच बाईशी संबंध होते, १९४० ला त्यांना तिच्यापासून मुलगी झाली, आणि पुढे अँजेलिना वारल्यावर त्यांनी तिच्याशी लग्न केलं. पगार पूर्ण बंद झाला होता की नाही यावरही पोर्तुगालमध्ये आजवर भांडणं आहेत.

---

मांडवीकाठ

चांगलं केलंत. मला या गोष्टींनी माणूस लहान होत नाही. तक्रारीबद्दल म्हणाल तर १७ तारखेपासून लोकांनी सांगितलेल्या आठवणी वाचल्या की फी न घेता शिक्के मारल्याचं पुन्हापुन्हा येतं. एका वकिलातीचं आपल्या नागरिकांना रांगेत थांबावं लागलं म्हणून आलेलं पत्र एका पारड्यात आणि ही सगळी कुटुंबं दुसऱ्या पारड्यात. घरच्या भानगडींचं दुःख अँजेलिनाचं, तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण त्याच दिवसांत निर्वासितांनी भरलेल्या घरात सगळ्यांचं खाणंपिणं तीच बघत होती. तिचं नाव कुठल्या पाटीवर नाही.

संत असता तर आपण म्हणलो असतो की संतच तो, आपल्याच्याने कुठे होणार. कर्जबाजारी, वरिष्ठांशी खटके उडणारा, दोन घरांत अडकलेला, पन्नाशी ओलांडलेला नोकरदार होता तो, आणि बरोबर त्याच्याच हातात शिक्का होता.

---

काणकोणचो_फिलीप

गोव्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट जोडतो. सालाझारचा हुकूम मोडणारा अजून एक पोर्तुगीज आपण सगळ्यांनी पाहिला आहे. डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर, आणि सालाझारचा संदेश गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाला, की शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. जवळपास ३,३०० माणसं होती त्याच्याकडे. त्याने १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली. पणजी शाबूत राहिली, आमची घरं शाबूत राहिली, त्याची माणसं जिवंत राहिली. बदल्यात काय? १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ. १९७४ ला पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन ही राजवट गेली, त्यानंतर त्याला त्याचं पद परत मिळालं. माझे वडील तेव्हा १४ वर्षांचे होते, ते या माणसाबद्दल एकही वाईट शब्द ऐकून घ्यायचे नाहीत.

आणि ज्यूंच्या बाबतीत पोर्तुगालचा इतिहास आम्हाला वेगळा सांगायला नको. गार्सिया दा ओर्ता गोव्यातला एवढा मोठा वैद्य, मूळचं ज्यू घर, त्याची बहीण कातारिना हिला १५६९ ला इथेच इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) जाळलं आणि १५८० ला त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. त्याच देशातला एक कॅथलिक माणूस चारशे वर्षांनी ज्यूंसाठी उभा राहतो याचं मला एक कॅथलिक म्हणून फार मोल वाटतं.

---

इतिहासवेडी_सांगली

फिलीप, फार छान जोडलंत. आमच्या सांगलीचे गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे याच राजवटीच्या तुरुंगात होते, १९५५ ला पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात, थेट जानेवारी १९६९ पर्यंत. तेव्हा सालाझारला नाही म्हणायची किंमत काय होती हे मराठी घरांना चांगलं माहीत आहे. मेंडिसना त्यांच्या देशाने कधी मान दिला? हे कुणी लिहिलंच नाही.

---

तेजो_काठचा_मराठी

लिहितो. क्रांतीनंतरही लगेच नाही. १९८७ ला राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेश यांनी मरणोत्तर ऑर्डर ऑफ लिबर्टी हा सन्मान दिला, १९८८ ला संसदेने एकमताने त्यांच्यावरचा ठपका पुसून त्यांना राजदूताचा दर्जा दिला, म्हणजे मरणानंतर ३४ वर्षांनी बढती. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये (देशातल्या थोरांचं समाधीस्थळ) त्यांच्या नावाचं स्मारक झालं, अस्थी मात्र गावातच आहेत.

अजून एक, सालाझारच्या सरकारने नंतर मात्र पोर्तुगालने निर्वासितांना कसा आसरा दिला याचं श्रेय जगापुढे मिरवून घेतलं. ज्याने आणले तो घरी बसवलेला.

---

सह्याद्रीची_पोर

हे वाचून चीड आली. मांडवीकाठ, सुगिहारावर पण लिहा ना. लिथुआनियातला जपानी कॉन्सुल, त्यानेही त्याच उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्ट १९४० ला, टोकियोने नाही म्हणूनसुद्धा हाताने व्हिसा लिहिले. त्याच्या यादीत २,१३९ नावं आहेत.

---

मांडवीकाठ

सुगिहारावर लिहिणारे इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत, त्यांनी घ्यावं. मी बुडापेस्टवर लिहायचं म्हणतोय. १९४४ मध्ये तिथे पोर्तुगालचेच दोन अधिकारी होते, सांपायो गारिदो आणि तेइशेरा ब्रांकिन्यो, त्यांनी ज्यूंना लपायला घरं दिली आणि संरक्षणाची कागदपत्रं दिली, आणि यावेळी लिस्बनने अगदी नाही म्हटलं नाही. चार वर्षांत त्याच सालाझारचं सरकार असं का बदललं हे मला शोधायचं आहे. काकांनी आणि चौकसनी तिथेही यावं, आकडे आणि परिपत्रकं दोन्ही लागतील.